बशीरच्या शेळीचा निळा शिक्का

माझा भाऊ बशीर समुद्राचा तळ खरवडून काढतो. त्याच्या जाळ्यात मासे, पिल्लं, गवत, कुणाची तरी चप्पल, सगळं येतं. आणि शिक्का मिळाला कुणाला, तर त्यालाच! निळा, गोल: 'समुद्राला न दुखवता पकडलेले'. मेल्यानं तो फ्रीजवर चिकटवला, गाडीवर चिकटवला, शेळीचं शिंगही सोडलं नाही.

माझा नवरा खमीस गुडघाभर पाण्यातून चालत जातो आणि मातीची मडकी बुडवून येतो. ऑक्टोपस घर समजून आपणहून आत शिरतो. ती शेळी पाहिल्यापासून खमीसला अन्न गोड लागेना. शेवटी त्यानंही शिक्क्यासाठी अर्ज केला.

शिक्का देणारा तपासनीस पलीकडच्या सफाक्स शहरातून बोटीनं आला तो ऐन ऑगस्टात. तेव्हा आमच्या बेटावर ऑक्टोपस पकडायला बंदी. भिंतीशी पालथी घातलेली कोरडी मडकी पाहून स्वारी खूश झाली.

आता पाहुणा आला म्हणजे ताटात ऑक्टोपस हवाच, नाहीतर बेटभर अब्रू जाते. दोरीवर आधीचे सुकवलेले होते की ढीगभर! पण सासूबाई म्हणाल्या, सुकवलेलं आपल्याला, पाहुण्याला ताजंच. मी बंदीचं सांगून पाहिलं. त्यांच्या मते बंदी कोळ्यांना असते, पाहुण्यांना नसते. डोक्यावर ओढणी घेतली आणि निघाल्या.

जेवायला बसलो. वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसच्या ढिगावर ताजा, लुसलुशीत ऑक्टोपस आला आणि खमीसच्या तोंडचं पाणीच पळालं. तपासनिसानं एक घास खाल्ला, थांबला, हा कुठला म्हणून विचारलं.

"घाबरतोस काय रे," सासूबाई खमीसला म्हणाल्या. "बशीरकडचा आहे. साहेबांचाच शिक्का आहे त्यावर." आणि पिशवीच आणून दाखवली.

शिक्क्याखाली सही याच तपासनिसाची. तो बराच वेळ चघळत राहिला. मग म्हणाला, "शिक्का आहे ना, मग बरोबरच असणार."

अळीमिळी गुपचिळी! पुढचं काही न तपासता त्यानं एक कोरा करकरीत शिक्का काढून खमीसच्या हातात ठेवला आणि आणखी थोडं वाढायला सांगितलं.

खमीसनं शिक्का उलटसुलट करून पाहिला. तो उठला, अंगणात गेला आणि आमच्या गाढवाच्या कपाळावर चिकटवून आला.

"चला, बशीरच्या शेळीला सोबत झाली," बसता बसता मला म्हणाला. "मंजिया, मला सुकवलेलंच वाढ."

किती दिवसांनी पोटभर जेवला माझा नवरा!