चौथा इंजेक्टर

स्वरूपने गाडीतून काढलेला तिसरा इंजेक्टर पुसला, साफ करायच्या द्रावणाने भरलेली सिरिंज नळीने त्याला जोडली आणि दर्शनाला म्हणाला, "बाटली धर. तोंड लांब ठेव, डोळ्यांत जाईल."

दर्शनाने काचेची बाटली पुढे केली. पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलचा वास कोंडला होता. मघाशीच ती घरात जाऊन गॅस बंद करून, देवापुढचा दिवाही शांत करून आली होती. पण तिला खरी धास्ती पेट्रोलची नव्हती.

स्वरूपने छोट्या बॅटरीच्या वायरी इंजेक्टरला टेकवल्या. टक्, टक्, टक्. बाटलीत धुक्यासारखा बारीक फवारा उडाला.

"हा पण चांगलाच," तो पुटपुटला.

जयगडला बंदराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं खोलण्यातच त्याची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. त्यामुळे गाडी घरीच खोलतोय याचं कुणाला नवल वाटलं नाही. देवरूखहून परतताना उतारावर गाडी अचानक बंद पडली, असं तो सगळ्यांना सांगत होता. इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबले असणार. ते साफ केले की सोमवारपासून मनस्वीला कॉलेजात तोच सोडणार होता. लेक खूश होती.

दर्शनाला मात्र तो उतार वेगळाच आठवत होता. माहेरच्या लग्नाबद्दल ती काहीतरी सांगत होती. उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, रस्त्यावरच होते, पण त्यांत तो नव्हता. वळण जवळ आलं तरी त्याचे हात हलेनात. तिने हाका मारल्या, दंड धरून गदगदा हलवलं. शेवटी तिनेच स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं आणि हँडब्रेक खेचला. गाडी कडेच्या गवतात शिरली, हिसका देऊन बंद पडली. समोरून आलेला ट्रक भोंगा वाजवत निघून गेला.

मग स्वरूपने पापण्या मिटल्या, उघडल्या.

"बंद पडली काय गो?"

तिने नुसती मान डोलावली.

त्यानंतर रोज ती सांगायचं ठरवायची आणि रोज त्याचा चेहरा बघून गप्प व्हायची. तो कामावर गेला की दिवसभर फोनकडे तिचं लक्ष असे. चालत्या यंत्रांत हात घालणारा माणूस तो.

"आता हाच असणार," चौथा इंजेक्टर उजेडात धरून स्वरूप म्हणाला.

काहीतरी बिघडलेलं निघू दे, असं देवाजवळ मागायची वेळ दर्शनावर कधी आली नव्हती. तिने बाटली पुढे केली.

टक्, टक्, टक्. तोच बारीक, सारखा फवारा.

स्वरूपने वायरी पुन्हा टेकवल्या. मग पुन्हा. सिरिंज रिकामी झाली तशी त्याने ती परत भरली. "नीट धर," तो उगाचच तिच्यावर खेकसला. फवारा तसाच उडाला.

त्याने वायरी खाली ठेवल्या. कपडा घेऊन तो इंजेक्टर पुसत बसला. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं.

"गाडी बंद पडली तेव्हा मी काय करत होतो?" त्याने मान वर न करता विचारलं.

"काहीच करत नव्हतात."

"म्हणजे?"

"मी हाका मारल्या. तुम्हाला ऐकू गेल्या नाहीत. स्टिअरिंग मी ओढलं."

त्याचा पुसणारा हात थांबला.

"वर्कशॉपात पण झालं एकदा," तो म्हणाला. "फिरत्या पट्ट्याजवळून माझ्यासोबतच्या सदूने माझा हात ओढून काढला. डुलकी लागली म्हणून सांगितलं मी त्याला."

दर्शनाने बाटली जमिनीवर ठेवली.

स्वरूपने इंजेक्टर एकेक करून जागेवर बसवले, रबरी रिंगा तपासल्या, गाडीची बॅटरी जोडली. सीटवर बसून चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तो ऐकत राहिला, आणि मग त्याने ते बंद केलं.

आवाज ऐकून मनस्वी पायरीवर आली.

"झाली, बाबा? मग सोमवारी कितीला निघायचं?"

"तू रिक्षाने जा, बाय. मला आणि आईला डॉक्टरकडे जायचंय. एस्टीने."

"म्हणजे झालीच नाही गाडी?"

"गाडी ठणठणीत आहे," स्वरूप म्हणाला, आणि सीटवरून उतरायला त्याने दर्शनापुढे हात केला.