न वाचलेली माती

आचलने काळ्या खिडकीत आदेश टाइप केला, एंटर दाबलं आणि पडद्यावरचा ट्रॅक्टर पुन्हा एकदा वावरात उतरवला. मागचं चाक रुतत गेलं, रुतत गेलं आणि थांबलं. खाली आकडा आला : एकोणीस पूर्णांक दोन सेंटिमीटर.

तिने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच.

नांदगाव पेठच्या त्या कारखान्यात ट्रॅक्टरची चाकं बनत. नवं चाक घडवण्याआधी ते संगणकातल्या मातीवर चालवून पाहायचं, हे आचलचं काम. अकोल्याहून ती याच कामासाठी इथे आली होती. गेले तीन महिने हा पडद्यावरचा ट्रॅक्टर अकरा पूर्णांक चारवर अडून बसला होता. तिवस्याच्या खऱ्या वावरात मात्र खरं चाक एकोणीस रुतलं होतं. दोन आकडे जुळेनात, आणि चाकाचं काम पुढे सरकेना.

आज शनिवारी सकाळी अपडेटमध्ये प्रोग्रॅमचं आयकॉन उडालं. मग तिने टर्मिनल उघडलं, प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये शिरली आणि हाताने आदेश देऊन तो सुरू केला. एवढाच काय तो फरक.

तिच्या मनात शंका आली. ती त्या फोल्डरमधून बाहेर आली आणि तोच आदेश बाहेरून दिला. अकरा पूर्णांक चार. आणि या वेळी आकड्याच्या बरंच वर, धावत गेलेल्या इंग्रजी ओळींच्या गर्दीत, एक साधी सूचना होती : मातीची फाइल सापडली नाही, नेहमीची माती वापरत आहे.

तिने ती ओळ तीनदा वाचली.

जिथून हाक मारावी तिथेच हा प्रोग्रॅम मातीची फाइल शोधायचा. आयकॉनवरून सुरू केला की तो भलत्याच दारात उभा राहायचा, फाइल दिसली नाही की मुकाट्याने स्वतःजवळची कुठल्याशा परदेशातली वाळू पसरायचा आणि तिच्यावर ट्रॅक्टर चालवायचा. सूचना द्यायचा, पण ती या काळ्या खिडकीत. आणि आयकॉनवर टिचकी मारणाऱ्याला ही खिडकी दिसतच नाही.

तीन महिने प्रोग्रॅमने तिवस्याची माती वाचलीच नव्हती. खुशालरावांची एकही नोंद त्याने पाहिली नव्हती.

आचलने हात मांडीवर घेतले.

खुशालराव म्हणजे कारखान्याचे जुने मोजणीदार. मातीत दाबली की तिचा घट्टपणा सांगणारी सळई खांद्यावर टाकून त्यांनी तिवस्याची ती दोन एकरं पायाखाली घातली होती. पहिल्या नोंदींनी उत्तर जुळलं नाही, तशी आचलने त्यांना पुन्हा धाडलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा आकडे वेगळे आले होते, कारण वावर वाळत चाललं होतं. ते आकडे फाइलमध्ये भरले तिने स्वतः. आकडे वेगळे आणि उत्तर मात्र दशांशापर्यंत तेच! तेव्हा संशय यायला हवा होता यंत्राचा. तिला आला माणसाचा.

मग एका सोमवारच्या मीटिंगमध्ये, सात जणांसमोर, तिने त्यांची वही टेबलावर टाकली होती.

"काका, हे आकडे झाडाखाली बसून इकडचे तिकडे केलेत तुम्ही. कीर्तनात टाळ धरता आणि इथे खोटं लिहिता?"

कुणीतरी हसलं होतं. खुशालरावांनी वही उचलली, कव्हरवरची धूळ तळहाताने पुसली आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची बदली गोडाऊनमध्ये झाली.

त्याला आता महिना झाला होता.

कारखान्याचे प्रमुख अनुप सर यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं.

"चला, सापडलं ना एकदाचं! सगळ्यांना मेल टाकून द्या, सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होता म्हणून. खुशालरावले परत घेऊ. जास्त गाजावाजा कायले करता?"

आचलने मेल टाकला. दोन ओळींचा. त्यात 'मी' हा शब्द कुठेच नव्हता.

मग ती गोडाऊनमध्ये गेली. खुशालराव खाली बसून बोल्ट आणि नट वेगळे करत होते. तिला पाहून उठू लागले.

"बसा काका, बसा. ते... सॉफ्टवेअरमध्ये बिघाड निघाला. तुमचे आकडे बरोबर होते."

खुशालरावांनी हातातला नट खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की आचलने नजर नटांच्या खोक्याकडे वळवली.

"म्हंजे मशीनची चूक व्हय! मले वाटलंच ताई, तुमची नसन. मी तं म्हनलं, मायी सळईच वाकली का काय. चार रविवार घरून जाऊन मोजून आलो. लिवून ठेवलं हाय समदं. पायजे का?"

"चार रविवार?"

"मंग? तुमी शिकलेलं मानूस, उगीच कायले म्हनसान?"

खुशालरावांनी एक बोल्ट उचलला, बोटांत फिरवला.

"एक काम करसान का ताई?"

"बोला ना."

"उद्या संध्याकाळी तिवस्याले आमच्या मारुतीच्या देवळात माणिकबाईचं कीर्तन हाय. तीस वर्सं झाले, मी बाईच्या मागं टाळ घेऊन उभा रायतो. पन या महिन्यात नाई गेलो. खोटेपनाचा बोल लागलेल्या मानसानं तिथं उभं कसं राहावं? बाईनं पुसलं, काऊन येत नाई? मी म्हनलं, हात दुखते." त्यांचा आवाज उतरला. "हात काई दुखत नोता. बाईजवळ तसं बोलाले नोतं पायजे. आता हात बरा झाला हे तुमीच सांगून द्या. मले दुसऱ्यांदा खोटं बोलवत नाई."

एवढं बोलून ते ओशाळं हसले आणि पुन्हा खोक्यात हात घातला.

रविवारी आचल तिवस्याला गेली. देवळासमोर सतरंज्या पसरल्या होत्या, बाया-माणसं बसत होती. टाळकऱ्यांची रांग उभी होती, आणि रांगेत एका माणसापुरती जागा मोकळी. खुशालराव पार मागे, चपलांजवळ बसले होते. साठीच्या माणिकबाई पदर खोचून, कपाळाला बुक्का लावून मृदंग जुळायची वाट पाहत होत्या. आचल त्यांच्या पाया पडली.

"बाई, खुशालरावांचा हात..."

"बरा झाला का त्याचा?"

आजूबाजूच्या बाया ऐकू लागल्या.

"हात दुखतच नव्हता. मी त्यांना खोटं म्हटलं होतं. सात जणांसमोर. चूक माझी होती."

माणिकबाई तिच्याकडे बघत राहिल्या. नजर कठोर नव्हती, पण हलतही नव्हती.

"सात जनासमोर म्हनलं नं, माय?"

"हो."

"मंग इथं काऊन सांगून राहिली? इथं त्याले कोनी खोटं म्हनलंच नाई."

आचलने मान खाली घातली. बाईंनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि मागे पाहून आवाज दिला :

"ऊठ गा खुशाल, ये मायामागं. अन् मले हाताची थाप मारली, ते मी तुयं मंग पाहीन!"

सगळे हसले. खुशालरावही हसत, बसून अवघडलेले पाय ओढत, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे गेले. टाळ वाजले. आचल बायांमध्ये बसून राहिली. नामाच्या गजरात सगळ्यांचे हात वर गेले, तेव्हा तिचेच तेवढे मांडीवर होते.

कीर्तन आटोपल्यावर खुशालराव तळहातावर प्रसाद घेऊन तिच्याजवळ आले. कपाळावरून घाम निथळत होता.

"काका, उद्या सोमवार. मीटिंगले या."

"मी? मी गोडाऊनचा मानूस ताई, मले तिथं खुर्ची कोन देईन?"

"माया खुर्चीवर बसजा," आचल म्हणाली. "मले त्या सात जनासमोर उभंच राहा लागन."