पात्यावरचा अंगठा

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी शेवटच्या रस्त्याला, पत्र्याची एक शेड होती. आत पाती बनत. कोयत्याची नव्हेत की पंख्याची नव्हेत. बर्फावर हॉकी खेळणारे लोक जे बूट घालतात, त्यांच्या तळाला बसवायची ती पोलादी पाती. जुनं पातं खेळून खेळून झिजलं की ते काढून तिथं नवं बसवतात. ती नवी पाती इथून पेट्यांतून निघून बोटीनं कॅनडाला जात. शेडमधल्या चौदा माणसांपैकी एकानंही तो खेळ पाहिलेला नव्हता. बर्फ म्हणाल तर किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कोळणींच्या टोपल्यांतला, मासळीखालचा.

चिंधू तिथं धार लावायचा. वय पन्नाशीला टेकलेलं. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज दोन कोस चालत यायचा. पूर्वी दिवाळी झाली की बायको पारूला घेऊन तो वीटभट्टीवर जायचा, ते पावसाच्या तोंडावर परतायचा. एक पोर त्यानं भट्टीच्या मागं पुरलं होतं. शेडमध्ये काम लागलं आणि गेली नऊ वर्षं घराचं दार लावून निघायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

पहिल्या महिन्यात त्यानं घोळ घातला होता. धार म्हणजे कोयत्याची, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं पातं दोन्ही बाजूंनी घासून टोकदार केलं आणि मोठ्या तोऱ्यात सुपरवायझरपुढं ठेवलं. सुपरवायझर धर्माजी किनाऱ्याकडचा, नारळ-केळीच्या बागेचा वाडीवाला. त्यानं कपाळाला हात लावला.

"अरे, ह्यानं काय शेठची दाढी करायचीय?"

मग त्यानं दांडीहून बर्फाची लादी मागवली. पोत्यात, भाताच्या तुसात गुंडाळून ती आली. नमुन्यासाठी ठेवलेल्या बुटाला चिंधूचं पातं बसवून त्यानं स्क्रू आवळले. बूट लादीवर दाबून धरला.

"ढकल आडवा."

चिंधूनं ढकलला तसा बूट सुळकन सरकला. धर्माजीनं पातं बदललं. ह्या पात्याच्या कडेला एक नव्हे, दोन धारा होत्या आणि दोन्हींच्या मधे लांबोडकी उथळ पन्हळ. आता बूट जागचा हलेना.

"दोन्ही धारा बर्फात रुततात, म्हणून. एक जरी केसभर वर राहिली तर माणूस वळताना आडवा पडंल. कळलं?"

पाती पुसून कागदात गुंडाळणारी मंगळी तोंडाला पदर लावून हसत होती. "भाऊ, ह्यो बूट कोणच्या मापाचा? आमच्या रेड्याला व्हईल."

"तुज्या नवऱ्याला घाल," धर्माजी म्हणाला. "जड बूट हाय, पळून तरी नाय जाणार."

"पळाला तर बरंच हाय की," मंगळी म्हणाली आणि सगळी शेड हसली.

तेव्हापासून चिंधूचा हात बसला. दगडी चाकावरून पातं काढलं की तो उजव्या अंगठ्यानं दोन्ही धारा चाचपायचा. माप घ्यायला पट्टी होती, पण पट्टी लावेपर्यंत त्याच्या अंगठ्यानं सांगून टाकलेलं असायचं. मग पातं समोर मंगळीकडे. ती रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, तेल लावायची, गुंडाळायची. मंगळी शेजारच्या पाड्याची. त्याला दादा म्हणायची. दुपारी दोघं एकाच भिंतीला टेकून भाकर खायची.

सत्त्याऐंशी सालची दिवाळी संपली आणि कॅनडाहून चार पेट्या परत आल्या. उन्हाळ्यात गेलेला, पण ह्या खेपेला पावसाळाभर बंदरात अडकलेला माल होता. धर्माजीनं पेटी फोडली, कागद सोडले. चकचकीत पोलादावर, धारेच्या अगदी शेजारी, तांबूस डाग. एकावर नाही, दोनावर नाही, जवळजवळ सगळ्यांवर.

"मंगळे, इकडं ये. हे काय हाय?"

मंगळीनं पातं हातात घेतलं. "भाऊ, मी पुसलं व्हतं. तेलबी लावलं व्हतं."

"मग गंज काय आभाळातनं पडला?"

चिंधूनं दुसरं पातं उचलून उजेडात धरलं. डाग लांबट गोल होता. त्यात बारीक रेघा होत्या, तोडलेल्या झाडाच्या बुंध्यात असतात तशा. आणि त्या रेघांना मधोमध तिरकी छेदून गेलेली एक कोरी चीर. त्यानं आपला अंगठा पाहिला. लहानपणी गवत कापताना पडलेला वण तिथं तसाच तिरका होता. त्यानं मूठ मिटली.

घरचा विळा त्याच्या हातात दोन दिवसांत तांबडा पडायचा. पारू आपला विळा त्याला देत नसे. "तुज्या घामात मीठ हाय," म्हणायची. काही माणसांचा घाम असाच असतो, लोखंडाला डसतो आणि वरवर पुसून जात नाही.

"चिंधूदादा, तू तरी सांग," मंगळी म्हणाली. "तू समोरच बसतंस. मी पुसते का नाय?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याच्या डोळ्यांपुढं भट्टीचा धूर आला.

"माजं लक्ष चाकावर असतं," तो म्हणाला.

त्याच दुपारी मंगळीला काढलं.

चार दिवस चिंधू हातमोजे घालून काम करत राहिला. मोज्यातून त्याला काही कळेना. चौथ्या दिवशी सकाळभरात त्यानं अकरा पाती वाया घालवली आणि धर्माजीनं येऊन मोजे काढायला लावले. शनिवारी रात्री जेवताना पारूनं सांगितलं, "मंगळी भट्टीवर चाललीय. मुकादमाला नाव दिलंय तिनं. सोमवारी ट्रक. पोरांनाबी नेते. का काढली रं तिला?"

चिंधूनं ताट सरकवलं.

रविवारी तो मंगळीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. ती पोत्यात भांडी भरत होती. त्यानं सगळं सांगितलं. अंगठा पुढं करून वणही दाखवला. मंगळीनं अंगठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिथं इचारलं तवा नाय बोललंस."

"चुकलं माजं."

"मग हितं कुणाला सांगतंस? माज्या कोंबड्यांना? चौदा माणसांपुढं मी कामचोर ठरले. त्या चौदा माणसांपुढं बोल. ट्रक नाक्यावर दहाला येतो. मी आठला गेटवर उभी राहीन."

सोमवारी यंत्रं सुरू व्हायच्या आत चिंधू शेडच्या मधोमध उभा राहिला. गेट उघडं होतं. बाहेर मंगळी धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती.

"भाऊ, ते डाग माजे हाईत," तो मोठ्यानं म्हणाला. "माजा अंगठा हाय तो. मंगळीनं पुसलं व्हतं."

धर्माजीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मला ठाऊक हाय. त्याच दिवशी हजेरीच्या वहीतला तुजा अंगठा काढून बघितला. वणासकट जुळला."

"मग तिला का काढली?"

"शेठला कुणीतरी दाखवायला लागलं. दोन्ही धारा तुज्यासारख्या आणणारा अख्ख्या वसाहतीत नाय. पुसणाऱ्या रोज गेटवर दहा येतात."

"तिला परत घ्या, भाऊ."

"घेतो. आत्ता घेतो. पण मग शेठ इचारणार, खरा कोण. तुजं नाव सांगतो आणि तू तिच्या जागी ट्रकात बस." त्याच्या आवाजात राग नव्हता. "बोल. तिला आत बोलवू?"

चिंधूनं गेटकडे पाहिलं. मंगळीनं सारं ऐकलं होतं. ती वाट बघत होती. तिच्या कडेवरचं पोर तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं. चिंधूच्या मनात पारू आली, घर आलं, भट्टीमागचा तो मातीचा लहानसा उंचवटा आला. 'बोलवा' हा एक शब्द होता. तो त्याच्या जिभेवर आला आणि तिथंच राहिला.

धर्माजीनं भिंतीवरचं बटण दाबलं. चाक घरघरलं.

चिंधू आपल्या जागी जाऊन बसला.

मंगळीनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती नाक्याच्या दिशेनं चालायला लागली.

समोर आता नवसी नावाची नवी बाई बसायची. सकाळचं सगळं तिनं ऐकलं होतं. चिंधूनं पहिलं पातं घासलं, अंगठ्यानं दोन्ही धारा चाचपल्या आणि तिच्यापुढं केलं. नवसीनं ते दोन टोकांना चिमटीत धरून घेतलं आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसायला लागली. एकदा, दोनदा, तीनदा. दुपारी भिंतीला टेकून चिंधूनं एकट्यानं भाकर खाल्ली. बाया उठून पलीकडच्या सावलीला जाऊन बसल्या होत्या.