अम्मीची आई

राहत शेख गारखेड्यातल्या एका मराठी शाळेत मराठीच शिकवायची, आणि अशी शिकवायची की समासाच्या तासाला पोरं बाकाखालचा डबा उघडायचं विसरत. 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' तिच्या तोंडून इतके सुटे सुटे पडायचे की ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलली गेली, तेही चपापून आपलं वाक्य सावरून घेत. नवे पालक यायचे, नवे अधिकारी यायचे. चार शब्द बोलून झाले की नाव विचारलं जायचं, आणि नाव ऐकल्यावर ते ठरलेलं वाक्य यायचं, "अरे वा, वाटतच नाही हो!"

काय वाटत नाही, ते पुढं कुणी सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती. राहत मान किंचित खाली घालून हसायची. खरं सांगायचं तर तिला ते वाक्य आवडायचं. कौतुक कुणाला नको असतं? एखादीला साडीचं लागतं, एखादीला हातच्या चवीचं; हिला हे लागायचं. पण त्याची किंमतही ती मुकाट्यानं मोजत होती. घरून फोन आला की स्टाफरूममधून उठून व्हरांड्याच्या टोकाला जायची आणि भिंतीकडं तोंड करून दबक्या आवाजात म्हणायची, "हौ, आतूं. फिकर नक्को करो." परत येऊन खुर्चीवर बसताना "क्षमस्व, घरून होता" असं म्हणायची. क्षमस्व! त्या खोलीत फोन घेतल्याबद्दल दुसरं कुणी क्षमा मागत नव्हतं. प्रेरणा मॅडम तर तिथंच बसून सासूशी साग्रसंगीत भांडायच्या. राहतचा नवरा शफीक संध्याकाळी दार उघडताना थट्टेनं म्हणायचा, "आओ, पुन्याकी बाई आ गई." राहत त्यावरही हसायची.

यंदा नववीच्या वर्गात मुबश्शिरा होती. उंच, हडकुळी, आणि बोलायला लागली की कुणाच्या बापाचं न ऐकणारी. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी वर्गात निवड चालली होती आणि विषय होता 'माझा आदर्श'. बाकीची पोरं थोरामोठ्यांची भाषणं घोकून आली होती. कुणी मध्येच अडकलं तर शेजारचा पुढचं वाक्य सांगत होता, कारण त्याचंही तेच होतं. मुबश्शिरा एकटीच आपल्या अम्मीवर बोलली.

"माझी अम्मी फजरच्या नमाजला उठते आन मंग मशीनवर बसते," ती म्हणाली. तिची अम्मी आमरीन घरी साड्यांना पिको-फॉल करायची. गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानांतून तिच्याकडं साड्यांचे गठ्ठे यायचे. "मला मराठी शाळेत घातलं म्हणून खाला तिच्याशी लई भांडली. तर अम्मी बोली, 'जिस जुबान में भाव करते, उस जुबान में पढना भी आना.' म्हणून मी इथं आहे."

वर्ग हसला, पण त्यात कुचेष्टा नव्हती. पोरगी नंबर आणणार हे राहतनं तिथंच ओळखलं. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला, की असंच्या असं नेलं तर मात्र नाही आणणार.

मग शाळा सुटल्यावर सराव सुरू झाला. राहतच्या मनात पाप नव्हतं, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. पोरीला कुणी हसू नये, 'यांचं मराठी असंच' म्हणून कुणी तिला शेवटच्या रांगेत बसवू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून 'आन मंग'चं 'आणि मग' झालं. फजरच्या नमाजची 'पहाटेची प्रार्थना' झाली. खालाचं, म्हणजे मावशीचं, भांडण गेलं. ईदच्या शीरखुर्म्याचं एक छान वाक्य होतं, ते विषयांतर होतं म्हणून गेलं. भाव करण्याची गोष्ट व्यासपीठावर बरी दिसत नाही, म्हणून तिथं राहतनं स्वतःच्या हातानं घडवलेलं वाक्य आलं: 'माझी आई म्हणते, बाळा, ज्या मातीत आपण जन्मलो, त्या मातीची भाषा हीच आपली माउली.' आता आमरीननं जन्मात कधी पोरीला बाळा म्हटलं नव्हतं. ती तिला "ओ लंबी" अशी हाक मारायची.

"पण मॅडम, मी तिला आई म्हणतच नाय," मुबश्शिरा म्हणाली.

"'नाय' नाही. 'नाही'."

"नाही."

"घरी अम्मीच म्हण. व्यासपीठावर आई म्हणायचं. परीक्षकांना लगेच आपली वाटते."

मुबश्शिरानं थोडा वेळ राहतकडं पाहिलं. आपल्या मॅडमसारखं बोलता यावं हे त्या पोरीचं स्वप्नच होतं. तिनं मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी ती अशी बोलली की सभागृहात पंखे तेवढे ऐकू येत होते. पहिला नंबर जाहीर झाला. शाल पांघरलेल्या वयस्क परीक्षकांनी ढाल तिच्या हातात देताना नाव नीट ऐकून घेतलं, कौतुकानं तिच्याकडं पाहिलं आणि माईकवरच म्हणाले, "मुबश्शिरा? अरे वा, वाटतच नाही हो!"

टाळ्या पडल्या. मुबश्शिरानं मान किंचित खाली घातली आणि हसली. ते हसू राहतनं ओळखलं. तिचंच होतं ते. इतकी वर्षं आपण हसतो तेव्हा कशा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. आता ते समोर दिसलं.

खाली उतरल्यावर आमरीन गर्दीतून वाट काढत आली. बुरख्याच्या बाहीनं डोळे पुसत होती. लेकीच्या गालावरून हात फिरवून ती राहतला म्हणाली, "मॅडम, लई अच्छा बोली बच्ची. मेरेकू तो रोनाच आया. वो किसकी माँ है? अपनी गली की है क्या कोई?"

चोराच्या मनात चांदणं. राहतला आधी वाटलं, ही टोमणा मारतेय. तिनं आमरीनच्या चेहऱ्याकडं पाहिलं. टोमणा बिमणा काही नव्हता. ती बाई खरोखरच विचारत होती. माउली, प्रार्थना, बाळा, हे सगळं ऐकून तिनं मागच्या रांगेत बसून दुसऱ्याच कुण्या भल्या बाईसाठी डोळ्यांतून पाणी काढलं होतं. मुबश्शिरा तिथंच ढाल छातीशी धरून उभी होती. ती राहतकडं बघत होती, काय उत्तर द्यायचं ते मॅडमनीच ठरवावं म्हणून.

"ती तशी कुणाची नाही," राहत म्हणाली. "भाषणासाठी लिहिलेली आई आहे."

"तबीच," आमरीन समाधानानं म्हणाली. "मैं बोली, इत्ती मीठी बाई कौन है."

राहतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी गेल्यावर शफीकनं नेहमीची थट्टा केली, तेव्हा ती हसली नाही. काय झालं म्हणून त्यानं विचारलं तर तिला सांगताही येईना. काय सांगायचं? एका बाईला तिच्या लेकीच्या तोंडातून आपण पुसून टाकलं, आणि वर तिच्याच तोंडावर 'ती कुणाची नाही' म्हणून सांगितलं? दोष तरी कुणाला द्यायचा? आपलेच दात नि आपलेच ओठ. आपण पोरीला लपायला शिकवलं आणि त्याबद्दल तिला ढाल मिळाली, हे तिच्या डोक्यातून जाईना. लाज अशी वाटत होती की वर्गात 'आई' हा शब्द धड्यात आला तरी तिची जीभ अडखळायची.

पुढं विभागीय फेरी होती. तिनं मुबश्शिराला बोलावून सांगितलं, "आपण भाषण पहिल्यासारखं करू. अम्मी म्हण. तिचं ते भाव करण्याचं वाक्यही घे."

"नको मॅडम," मुबश्शिरा लगेच म्हणाली. "आईच राहू द्या. बरं वाटतं."

"अगं, पण ती तुझी अम्मी आहे."

"असू द्या. हीच छान आहे."

एवढं स्वच्छ मराठी त्या पोरीच्या तोंडून न शिकवता याआधी कधी आलं नव्हतं. राहतनं तो विषय तिथंच सोडला. पण आमरीनला तरी खरं सांगायलाच हवं होतं, तेवढं केल्याशिवाय तिला घास गोड लागला नसता. शनिवारी शाळा सुटल्यावर ती मुबश्शिराबरोबर तिच्या घरी गेली.

आमरीन मशीनवर होती. मॅडमना दारात बघून तिची तारांबळ उडाली. मांडीवरची साडी बाजूला सारत ती उठली, "आओ मॅडम, बैठो, बैठो. चा बनातूं."

"अम्मी, 'बसा' म्हण," मुबश्शिरा म्हणाली. "आणि चा नाही. चहा. 'चहा ठेवते' म्हण."

बोट वर करून म्हणाली. राहत वर्गात करायची, अगदी तस्सं. आवाजही तोच, शांत, समजूतदार, समोरच्याला आपण कमी आहोत हे रागावल्याशिवाय कळवणारा. आमरीन खुळ्यासारखी हसली. लेक शिकतेय याचा आनंदच होता तिला. "बसा मॅडम," ती एकेक शब्द चाचपत म्हणाली. "चहा ठेवते."

आता मात्र राहतला राहवेना.

"नक्को आमरीन," ती म्हणाली, "चा बाद में. तुम बैठो पैले. मेरेकू एक बात बोलनी है."

आमरीन बघतच राहिली. "या अल्ला. तुमना अपने जैसा बोलना आता? मैं समझी, आताच नै."

"घर में येच बोलती मैं," राहत म्हणाली. मुबश्शिराकडं न बघता तिनं सगळं सांगून टाकलं. भाषणातली ती बाई दुसरी कुणी नव्हती, आमरीनच होती. पोरीनं अम्मीच लिहिलं होतं, फजर लिहिली होती, खालाचं भांडणही लिहिलं होतं. "मैं बदली वो. बच्ची नै बदली. और तुमारे मूं पे झूट बोली."

आमरीन साडीची कड बोटांवर गुंडाळू लागली. मग म्हणाली, "वो माउली वाली बात मैं कबी बोलीच नै."

"नै बोली. तुम जुबान का और भाव का बोली थी."

"हौ, वो बोली मैं." तिचा चेहरा क्षणभर उजळला, मग गोंधळला. "तो वोच बोलना था ना. वो खराब था क्या?"

"खराब नै था," राहत म्हणाली. "मैं डरी."

आमरीन रागावली असती तर राहतला सोसलं असतं. ती फक्त "हौ, लोगां हँसते" म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. कप हातात देताना तिनं "घ्या" म्हटलं आणि लेकीकडं बघितलं, बरोबर आलं का म्हणून. मुबश्शिराची मान खालीच होती. इतका वेळ ती भिंतीला टेकून उभी होती, कान लाल झाले होते, आणि एकदाही तिनं वर बघितलं नव्हतं. राहतला वाटलं, पोरीला झाल्या गोष्टीचं वाईट वाटतंय. चला, उशिरा का होईना कळलं, असं वाटून तिच्या मनावरचं ओझं जरा उतरलं.

निघताना मुबश्शिरा तिला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. रिक्षा थांबवून दिली. मग मागं कुणी ऐकत नाही ना ते बघून ती हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? तुम्ही असं बोलू नका ना."

"कसं?"

"आमच्या घरी बोललात तसं. अम्मीसारखं. तुम्हाला शोभत नाही. मला कसंतरीच झालं तुमच्याकडं बघून."

राहत रिक्षात अर्धी चढली होती. त्या पोरीच्या डोळ्यांत लाज होती, आणि ती राहतसाठी होती. आता तरी काही बोलावं, अपन बी ऐसेच हैं बेटा, असं काहीतरी, म्हणून तिनं तोंड उघडलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. राहतनं पदर सारखा केला.

"बरं," ती म्हणाली, आणि प्रत्येक अक्षर जागच्या जागी पडलं. "सोमवारी सरावाला वेळेवर ये."