सहावा खण

मी एक जुना बटवा आहे, मित्रांनो. कापडी, सहा खणांचा, कमरेला बांधायचा. माझ्या उजव्या कोपऱ्यावर सोया सॉसचा डाग आहे. तो निघत नाही आणि निघावा अशी माझी इच्छाही नाही. आपली कहाणी सांगायला बसलेल्या जुन्या वस्तूंनी सुरुवातीलाच थोडं रडून घ्यायचं असतं, असं मी ऐकून आहे. फाटकी छत्री रडते, बंद पडलेलं घड्याळ रडतं. मी रडणार नाही. माझं काही वाईट झालेलं नाही. मला हसणाऱ्यांचं झालं असेल, तर ते त्यांनी सांगावं.

माझा जन्म हवाई बेटांवरच्या वाइपाहू गावात झाला, तिथला साखर कारखाना बंद पडला त्या वर्षी. क्लॅरेन्स नाकासोने त्या कारखान्यात फिटर होता. कारखान्याबरोबर त्याचा निळ्या-पांढऱ्या चौकडीचा कामावरचा शर्टही रिकामा झाला. त्याची बायको हॅरिएट शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे मुलांचा भात शिजवायची. घरात कुणी नुसतं बसून राहिलेलं तिला खपत नसे, मग ते माणूस असो की शर्ट. तिने तो कापला, तांदळाच्या पोत्याचं अस्तर लावलं आणि मला शिवलं.

"मला विचारायचंस तरी," क्लॅरेन्स म्हणाला.

"विचारलं असतं तर तू तो अंगात घालून बसला असतास."

आमच्या गावची माणसं वर्षातून एकदा लास वेगासला जातात. दाराशी समुद्र असताना वाळवंटात कशाला जातात, हे मला विचारू नका, मी बटवा आहे. पण जातात. विमान, हॉटेलची खोली आणि जेवणाची कुपनं यांचे पैसे आधीच भरलेले असतात. खाली जेवायला उतरलं की निम्मं वाइपाहू तिथेच भेटतं, आणि घरी मिळतो तोच भात आणि बैलाच्या शेपटीचं तेच सूप पुढ्यात येतं. तेव्हा प्रश्न उरतो तो फक्त वरखर्चाच्या पैशांचा. म्हणजे खेळायच्या. म्हणजे, स्पष्टच बोलायचं तर, घालवायच्या.

हे पैसे किती घालवायचे ते हॅरिएट घरीच ठरवते. दिवसाला ऐंशी डॉलर, दोघांत मिळून. माझे पहिले चार खण चार दिवसांचे. मंगळवारचा खण मंगळवारी उघडायचा आणि तो दुपारी बाराला संपला, तर उरलेला मंगळवार लोकांना खेळताना बघण्यात काढायचा. पाचवा खण शेजाऱ्यांसाठी चॉकलेटांचे डबे घ्यायचा, कारण रिकाम्या हाताने परत आलेल्या माणसाशी आमच्या गल्लीत फारसं कुणी बोलत नाही. या पाचही खणांना चेन आहे. सहाव्याला मात्र काज आणि बटण आहे. बटण उघडायला दोन्ही हात लागतात आणि तेवढ्या वेळात माणसाला विचार करता येतो, असं हॅरिएटचं म्हणणं.

हा सहावा खण दुसऱ्यांचा. आमच्याकडे कुणी वेगासला निघालं की शेजारीपाजारी हातात नोट ठेवतात. "माझ्या नावाने खेळ," म्हणतात. कुणी पाच देतं, कुणी वीस. हॅरिएट प्रत्येक नोटेला नावाची आणि सांगितलेल्या यंत्राची चिठ्ठी टाचते. ते पैसे पहिल्या दिवशी, सगळ्यांत आधी खेळायचे. गेले तर ज्याचे त्याचे गेले. आले तर ज्याचे त्याला, शेवटच्या नाण्यापर्यंत. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे तो मोडायला वकीलही मिळत नाही.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची होती. विमानतळावर तीन बायकांनी माझा नमुना कागदावर उतरवून घेतला. पुढे दिवस बदलले. नाकासोन्यांचा मुलगा रँडल बँकेत लागला आणि त्याला माझी लाज वाटू लागली. "आई, हे काय कमरेला गाठोडं! हे कार्ड घे. तिथे पावलापावलाला यंत्रं आहेत. लागतील तेव्हा लागतील तेवढे काढ."

"हीच तर भीती आहे," हॅरिएट म्हणाली. पण मुलाचं मन मोडू नये म्हणून तिने कार्ड घेतलं आणि क्लॅरेन्सकडे दिलं. मित्रांनो, हॅरिएटच्या हातून चुका फार कमी होतात. ही त्यातली एक.

दुसरी चूक तिच्या गुडघ्याची. गेल्या वर्षी विमानातून उतरतानाच तो सुजला. सोमवारी ती खोलीत पाय उशीवर ठेवून पडून राहिली आणि मंगळवारी सकाळी नाइलाजाने तिने मला क्लॅरेन्सच्या कमरेला बांधलं.

"आधी लोकांचे पैसे खेळ," तिने बजावलं.

"हां?" क्लॅरेन्स म्हणाला.

क्लॅरेन्सला ऐकू कमी येतं. कारखान्यातल्या चरकांनी त्याचे कान नेले. दोन्ही कानांच्या यंत्रांना दवाखान्याने तीन हजार आठशे डॉलर सांगितले होते, आणि सरकारी विमा त्यातला एक डॉलरही देत नाही. क्लॅरेन्स म्हणायचा, मला काही अडत नाही. अडायचं हॅरिएटला. आठ वर्षं ती नवऱ्याशी ओरडून बोलत होती. आपण कानात बोलू अशा गोष्टी असतात ना, त्या तिने बोलायच्याच सोडल्या होत्या. रोजच्या खर्चातून दहा-वीस बाजूला काढून तिने नऊशे जमवले होते, आणि ते जमवताना तिचे केस पांढरे झाले होते.

तर क्लॅरेन्स खाली गेला. लोकांचे पैसे सावकाश खेळू, म्हणून त्याने आधी स्वतःचा खण उघडला. साडेदहापर्यंत मंगळवार संपला. मी रिकाम्या खणासह त्याच्या पोटाला चिकटून बसलो आणि आता हा लोकांना खेळताना बघेल, अशी वाट पाहू लागलो. तो गेला रँडलने सांगितलेल्या, कार्डावर पैसे देणाऱ्या यंत्राकडे.

त्या यंत्राबद्दल मला काही वैयक्तिक राग नाही. त्याने कार्ड घेतलं, आकडे विचारले, मग पडद्यावर लिहून आलं की तुमचे पैसे तुम्हाला देण्याचे सात डॉलर पडतील. क्लॅरेन्सने चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. ऐंशी डॉलर हसतहसत घालवून आलेला हा माणूस सात डॉलरांवर संतापला.

"माझेच पैसे मला द्यायचे आणि वर सात डॉलर? लुटारू!" त्याने रद्दचं बटण असं दाबलं की शेजारची बाई दचकली. आणि मग, स्वतःच्या काटकसरीवर खूश होऊन, त्याने दोन्ही हातांनी माझा सहावा खण उघडला.

विचार करायला वेळ मिळतो, हे खरं आहे. क्लॅरेन्सने तो केलाही. "आत्ता घेतो," तो पुटपुटला, "उद्याच्या खणातून परत ठेवतो." मग उद्याचाच खण का उघडला नाही? कारण उद्याचा खण आज उघडायचा नाही, असा नियम आहे. नियम पाळणाऱ्या माणसाला कुठून वाट सापडेल, काही सांगता येत नाही. त्याने हाताला लागली ती वीसची नोट काढली, तिची चिठ्ठी परत आत ढकलली आणि बटणही नीट लावलं. मी ताणून धरलं होतं. पण मी कापड आहे, किती ताणणार?

ती नोट घेऊन तो रानरेड्याचं चित्र असलेल्या जुगाराच्या यंत्रावर बसला. चौथ्यांदा बटण दाबलं आणि यंत्र थांबलं. वर दिवा फिरू लागला. इतकी मोठी रक्कम लागली की यंत्राला आपोआप कुलूप लागतं आणि जॅकेट घातलेली बाई सरकारी कागद घेऊन येते. ती आली.

"अभिनंदन, काका! तीन हजार नऊशे चाळीस. कागदावर नाव काय लिहू?"

"हां?"

"नाव! कुणाच्या नावावर?"

हे मात्र त्याला ऐकू आलं. क्लॅरेन्सने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा खाली माझ्याकडे. मग म्हणाला, "क्लॅरेन्स नाकासोने."

साडेअकराला सूप प्यायला भेटायचं ठरलं होतं. काठी टेकत हॅरिएट आली तर क्लॅरेन्सने टेबलावर नोटांचा गठ्ठाच ठेवला. तिने गठ्ठ्याकडे पाहिलं, त्याच्या कानांकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला तिच्या आईच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं.

"बरोब्बर!" क्लॅरेन्स म्हणाला. "दोन्ही कान, आणि वर एकशे चाळीस!"

डोळे पुसायला रुमाल हवा म्हणून तिने मला त्याच्या कमरेवरून सोडवलं, आणि सवयीने सगळे खण चाचपले. सहावा उघडला. सात चिठ्ठ्या, सहा नोटा.

"रेमी आंटींची नोट कुठे आहे?"

रेमेडिओस अग्बायानी, वय एक्याऐंशी, आमच्या उजव्या हाताचं घर. तीस वर्षं दर वर्षी वीस डॉलर, आणि तीस वर्षांत मिळून अकरा डॉलर जिंकलेली बाई.

क्लॅरेन्सने सूप ढवळलं. "घेतली. उसनी."

"तिला विचारून?"

"ती इथे आहे का विचारायला? उद्या परत ठेवणार होतो ना! उसने घेतले म्हणजे ते वीस माझे झाले. माझ्या विसावर लागले ते माझे. तिचे वीस मी तिला देणं लागतो. एकवीस देतो."

"परत ठेवले होतेस?"

"ठेवणारच होतो!"

"म्हणजे नव्हते ठेवले."

"अगं, तिच्या चिठ्ठीत चेरीचं यंत्र लिहिलंय. मी रेड्यावर खेळलो! चेरीवर गेले असते तिचे, दर वर्षीसारखे!"

मित्रांनो, हॅरिएट देवी नाही. मी तिच्या मांडीवर होतो म्हणून सांगतो, तिची बोटं त्या चिठ्ठीवर होती आणि चिठ्ठी चुरगळत होती. चुरगळून सूपात टाकली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. बटव्याची साक्ष कुणी घेत नाही. सूप गार झालं. वर साय धरली.

"हॅरिएट," क्लॅरेन्स म्हणाला, आणि बहिऱ्या माणसाला जमेल तितक्या हळू म्हणाला, "मला तुझं ऐकू आलं असतं गं."

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवून तळव्याने सरळ केली. मग ओरडून बोलली, आठ वर्षांच्या सवयीने, आणि शेजारच्या चार टेबलांवरच्या वाइपाहूने माना वळवल्या.

"आणि पहिलं काय ऐकवू तुला? रेमी आंटी कुंपणावरून हाक मारते आहे ते?"

क्लॅरेन्सने सूपाची वाटी बाजूला सारली. मग त्यानेच गठ्ठा उचलला आणि सहाव्या खणात कोंबायला लागला. तो मावेना. बटण लागेना. माझी एक शिवण टर्रकन उसवली. आयुष्यात एवढा एकदाच फाटलो मी, आणि ते मी कुणालाही दाखवायला तयार आहे.

"कागदावर माझं नाव आहे," थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं. "यावर कर मला बसणार!"

"चांगला बसू दे," हॅरिएट म्हणाली. "सात डॉलर वाचवले आहेस, त्यातून भर."

घरी पोहोचल्यावर बॅगाही न उघडता ती दोघं उजव्या हाताच्या घरी गेली. रेमी आंटींनी अंगठा ओला करून सगळ्या नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. निम्मे तुम्ही ठेवा, असं त्या म्हणतील, असं तुम्हाला वाटत असेल. क्लॅरेन्सलाही वाटत होतं, तो पायरीवर जरा रेंगाळला. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत.

"खरंच खेळता म्हणजे तुम्ही," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी समजत होते, माझ्या विसाचं तुम्ही सूप पिता."

हॅरिएट लाल झाली. "मग देत कशाला होता आंटी?"

"शेजारी आहात. वर्षातून एकदा सूप प्यायलात माझ्या पैशाने, तर माझं काय जातं?"

"काय म्हणाली?" क्लॅरेन्सने विचारलं.

"आपण चोर आहोत असं तिला तीस वर्षं वाटत होतं!" हॅरिएट ओरडली. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

क्लॅरेन्सने मान हलवली. "आणि आज?"

"आज नाही वाटत," रेमी आंटी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. पैसे घेऊन.

कानांची यंत्रं अजून आलेली नाहीत. हॅरिएटचे नऊशे बाराशेवर पोचलेत, करापायी मधे साडेसातशेवर घसरले होते. रँडल म्हणतो, आई, बाबांना मूर्ख बनवलंस तू. माझी उसवलेली शिवण हॅरिएटने दुहेरी घातली आहे, लाल दोऱ्याने, कारण घरात तोच होता. रँडल त्यालाही हसतो. हसू दे.

तेव्हा मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. मला जपायला हॅरिएट आहे. तुम्ही आपले पैसे जपा, आणि त्याहून जास्त, तुमच्या जवळ ठेवलेले दुसऱ्याचे. ते वेगळे ठेवा, त्यांवर नाव घाला, आणि आपले संपले की दुसरीकडे बघा. अगदीच राहवलं नाही तर ते सात डॉलर भरा. महाग वाटतील. मी तुम्हाला सांगतो, स्वस्त आहेत. आणि हे सगळं ज्यांना जुनाट वाटतं, त्यांनी खुशाल कार्ड घेऊन जावं, मी कुणाला अडवत नाही. या वर्षी सहाव्या खणात अकरा चिठ्ठ्या आहेत. गेल्या वर्षी सात होत्या.