डेन्मार्कचं गाणं

प्रेमानंदांनी डाव्या हाताने मोबाइल ढकलला. तो पलंगावरून फरशीवर पडला, तरी गाणं वाजतच राहिलं. आवाज त्यांचाच होता, बारा वर्षांपूर्वीच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमातला.

दीक्षाने वाकून गाणं बंद केलं.

"नाही लावत बाबा."

ते भिंतीकडे वळले होते.

पक्षाघाताला चार महिने झाले होते. उजवा हात गेला, त्याबरोबर शब्दही गेले. वस्त्यावस्त्यांतून तीस वर्षं भीमगीतं गायलेला माणूस आता पाणी मागायला पेल्याकडे बोट दाखवायचा. ओळखीची गाणी ऐकवा, असं उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. बोलता न येणारेही कधी कधी गातात. पण प्रेमानंद ओळ म्हणायला तोंड उघडायचे, भलतंच काहीतरी बाहेर पडायचं, आणि आपलं चुकलेलं त्यांना ऐकू यायचं.

दीक्षाची रजा सोमवारी संपत होती. दुपारी कूलरच्या घरघरीत तिने स्वतःसाठीच हळू आवाजात काहीतरी शांत लावलं आणि भिंतीला टेकली. तिचा डोळा लागला. मोबाइल आपला एकातून दुसऱ्या गाण्यात जात राहिला.

जाग आली ती आवाजाने. कोणी बाई फार सावकाश गात होती, धुक्यातून यावा तसा स्वर. दोन ओळींमध्ये लांबच लांब जागा सोडलेल्या. त्या जागांमध्ये बाबा गात होते. शब्द नव्हते, नुसतं 'ना' आणि 'हो'. पण सूर जागच्या जागी. डोळे मिटलेले, डाव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरत होती.

दीक्षा हलली नाही. कांताबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या.

"काय म्हणून राहिले वं हे?"

"माहीत नाही आई." दीक्षाने मोबाइलच्या पडद्यावर वाचलं. "डेन्मार्कचं गाणं आहे."

"याचे बोल कोणाले येतात इथं?"

"कोणालेच नाही."

कांताबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"मंग चुकतीन कसे?" त्या म्हणाल्या आणि चौकटीलाच टेकून खाली बसल्या. कणीक तशीच राहिली.

रविवारी सकाळी दीक्षाने धोंडबांना बोलावून घेतलं. बाबांच्या गायनपार्टीतले ढोलकीवाले. चार महिन्यांत एकदाच आले होते, आणि चहा न घेताच गेले होते. आता त्यांनी गाणं दोनदा ऐकलं, मित्राकडे न बघता. तिसऱ्यांदा प्लास्टिकचं स्टूल गुडघ्यांत धरून हलकेच थाप दिली.

"लय संथ आहे गा," ते म्हणाले. "पण धरता येते."

तिघांनी ते धरलं: ती बाई, धोंडबा आणि प्रेमानंद. संपल्यावर धोंडबांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"पण बाई म्हणते तरी काय? मोबाइलमंधी अर्थ सापडते म्हणतात. पाह्य बरं, पोरी."

दीक्षाने गाण्याचं नाव टाकलं. पान उघडू लागलं. तेवढ्यात प्रेमानंद पुढे झुकले आणि त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला. ठेवला तो उचललाच नाही.

दीक्षाने धोंडबांकडे पाहिलं. धोंडबांनी स्टूल पलंगाच्या आणखी जवळ ओढलं.

"बरं गा," ते म्हणाले. "मुखड्यापासून घेऊ."