टाकाऊ प्लेटमधला विषाणू

मी एक विषाणू बोलतोय. नाकाला रुमाल लावू नका. माणसांशी माझं काही देणंघेणं नाही. झाडांची साल कुजवणारी एक नारिंगी बुरशी आहे, तिच्या तंतूंत मी राहतो. मला धड स्वतःचं अंगही नाही. तीच माझं घर, तीच माझा स्वयंपाक.

पण मी राहायला आलो की त्या घराची रीत बदलते. बुरशीची जनुकं मी खोडत नाही. त्यांच्या कामाच्या आज्ञा तेवढ्या बिघडवतो. रंग बनवणारं जनुक गप्प बसतं. साल कुजवणारा रस बनवणारं नुसतं पुटपुटतं. भलतंच एखादं ओरडू लागतं. मग नारिंगी बुरशी पांढरी पडते, रेंगाळते आणि झाडाची जखम भरून येते. हे मी झाडावर उपकार म्हणून करत नाही. झाड नावाची वस्तू मला ठाऊकही नव्हती.

ती दाखवली एका संशोधक मुलीने. रोपवाटिकेतली झाडं रांगेने मरत असताना एकाची जखम भरलेली तिला दिसली. तिथली साल खरवडून तिने आम्हाला प्रयोगशाळेतल्या काचेच्या प्लेटमध्ये वाढवलं. तिच्या गाईडना सगळे पाठीमागे 'भिंग' म्हणत. त्यांनी प्लेट उजेडात धरली.

"मरतुकडी आहे तुझी बुरशी. टाकून दे."

"मरतुकडीच हवीय सर!"

सहा महिने तिने एकेका जनुकाचं काम मोजलं. एक नमुना गोठवून ठेव, असं भिंगांनी दोनदा बजावलं होतं. मुलगी घाईची, उद्या करू, परवा करू, करत राहून गेलं.

दर पंधरवड्याला बुरशीचा कण नव्या प्लेटवर न्यायचा आणि तो सर्वांत पुढे धावलेल्या कडेचा घ्यायचा, ही तिथली शिस्त. एकदा आमच्या पांढऱ्या वर्तुळातून एक नारिंगी फाटा पुढे सुटला. मी मागेच राहिलो होतो. त्या फाट्यात मी नव्हतो. तिचा हात सवयीने तिथेच गेला. जुन्या प्लेटवर, म्हणजे माझ्यावर, तिने लिहिलं, 'टाकणे'.

प्रयोगासाठी रोपांना लावलेल्या या नव्या बुरशीने तीन आठवड्यांत वीसच्या वीस रोपांची साल कुजवली. मूळ झाड शोधावं, तर रोपवाटिकेने ती रांगच उपटून जाळलेली.

"पंधरा दिवसांनी तुझं संशोधन तपासायला समिती बसतेय," भिंग म्हणाले. "जिवंत पुरावा दाखव, नाहीतर विषय बंद."

ती प्लेटा धुणाऱ्या मावशींकडे धावली. "मावशी, गेल्या महिन्यातला कचरा उकळला नाहीत ना?"

"आल्या आल्या ओरडू नकोस. उकळायच्या यंत्राची रबरी रिंग गेलीय. तीनदा अर्ज दिला, कोण ऐकतंय? सगळा ढीग तिथेच पडलाय."

"मावशी, तुमच्या तोंडात साखर पडो!"

"आधी हातमोजे घाल."

मी तळातून तिसरा होतो. कडा सुकल्या होत्या, मध्यभाग ओला होता. तिने तिथला कण उचलून नव्या प्लेटमध्ये नारिंगी बुरशीशेजारी ठेवला. कडेला कड भिडली, तंतूत तंतू मिसळले आणि मी पलीकडे गेलो. मला ते नेहमीचंच. ती मात्र रोज सकाळी दप्तर न उतरवताच प्लेट बघायला यायची.

समितीच्या दिवशी नारिंगी वर्तुळाच्या कडेला पांढरा पट्टा चढलेला होता. भिंग बराच वेळ वाकून बघत राहिले.

"तीनदा करून दाखव," एवढंच म्हणाले. विषय वाचला होता.

सध्या मी एकविसाव्या रोपाच्या सालीत आहे. जखम नखाएवढी आहे, वाढलेली नाही. प्लेटवरचं 'टाकणे' तिने खोडलेलं नाही. ती प्लेट तशीच टेबलावर समोर ठेवलीय.

ती रिंग आता आलीय म्हणतात. तेव्हा एक विनंती. यंत्राचं झाकण लावण्याआधी ढिगातल्या मरतुकड्या प्लेटा एकदा उजेडात धरून बघत जा. दर वेळी रिंग तुटलेली असेलच असं नाही.